भाषांचं बटण लावलं आणि वेबसाइट रखडली, असं का होतं?

केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये 'भाषिणी' हा अनुवादाचा उपक्रम सुरू केला. तेव्हापासून मशीनने केलेला अनुवाद हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. एखाद्या दुकानाची, पतसंस्थेची किंवा कॉलेजची वेबसाइट करायला बसलं की पहिल्याच बैठकीत विचारलं जातं, "ते वरच्या कोपऱ्यातलं भाषांचं बटण आपल्यालाही येईल ना?" येतं की. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर एका दुपारचं काम आहे.

सांगलीत ही नुसती हौसही नाही. जत तालुक्यातल्या कितीतरी गावांत घरात कन्नड बोललं जातं. बेदाणा उत्तरेत जातो, तिथे हिंदी लागते. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि परदेशातून चौकशी आली तर ती इंग्रजीतच येणार. एक व्यापारी, चार भाषा, हे इथे अगदी नेहमीचं चित्र आहे.

बटण लागतं, सगळे खूश होतात. काही महिन्यांनी कुरबुर सुरू होते. मराठी पान कसंबसं उघडतं, कन्नड पानावर नुसतं चाक फिरत राहतं. ऑफिसात बसून एखाद्या मालाची माहिती बदलून 'जतन करा' दाबलं की चहा पिऊन यायला वेळ मिळतो. आणि नेमकी सौद्याच्या वेळी, म्हणजे लोक भाव बघायला येतात तेव्हाच, साइट बसते. मग ठरलेला उपाय: "होस्टिंगवाल्याला फोन लावा, मोठा सर्व्हर घ्या." (सर्व्हर म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक, आणि तो भाड्याने देतो तो होस्टिंगवाला.) पैसे जातात, आठवडाभर बरं वाटतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं थोडक्यात असं: बहुतेक वेळा दोष सर्व्हरचा नसतो आणि अनुवादाचाही नसतो. तेच शोधकाम प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने करत बसण्याचा तो परिणाम असतो. हे कसं ते नीट पाहू.

आधी पान तयार कसं होतं ते बघू

वर्डप्रेस ही वेबसाइट चालवायची मोफत प्रणाली आहे. 2003 मध्ये सुरू झाली, आणि आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून अधिक तिच्यावर चालतात. तिच्यात जास्तीची सोय बसवायची असेल तर जो तयार तुकडा जोडतात त्याला प्लगिन म्हणतात. मजकूर, किमती, मेनू, सगळं डेटाबेसमध्ये असतं, म्हणजे तक्त्यांच्या स्वरूपातल्या साठ्यात. त्या साठ्याला विचारलेला एकेक प्रश्न म्हणजे क्वेरी. आणि एकदा तयार झालेलं पान पुन्हा वापरता यावं म्हणून बाजूला काढून ठेवणं म्हणजे कॅशे. एवढे चार शब्द पुरेत.

वेबसाइटचं पान कुठे तयार करून ठेवलेलं असतं आणि आपण फक्त ते उघडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वर्डप्रेसमध्ये तसं नसतं. तुम्ही पत्ता टाकला की त्या क्षणी पान जुळवायला घेतलं जातं. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा विचार करा. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, माझा हिशोब काय? दिवाणजी वह्या काढतात, नोंदी शोधतात आणि एका कागदावर उतरवून देतात. तो कागद म्हणजे तुमच्यासमोर उघडलेलं पान. दुसरं गिऱ्हाईक आलं की पुन्हा वह्या, पुन्हा शोध, पुन्हा कागद.

आता या दुकानात एक नियम आला: प्रत्येक नोंद कन्नडमध्येही आहे का, हिंदीत आहे का, इंग्रजीत आहे का, हे वेगळ्या वहीत बघायचं, आणि मगच कागदावर उतरवायची. कागदावर शंभर ओळी असतील तर दिवाणजी शंभर वेळा त्या दुसऱ्या वहीकडे जाणार. अनुवादाचं प्लगिन लावल्यावर साधारण हेच सुरू होतं.

"पण अनुवाद करायचा म्हणजे वेळ लागणारच ना?"

अनुवाद एकदाच होतो. माणसाने केलेला असो की मशीनने, तो करून साठवून ठेवतात. पाहुणा आल्यावर होते ती शोधाशोध. ही शोधाशोध कशी होते ते प्लगिनच्या जातीवर ठरतं, आणि त्यांच्या मुख्य जाती तीन.

पहिली जात प्रत्येक भाषेसाठी पानाची वेगळी प्रत ठेवते. डब्ल्यूपीएमएल आणि पॉलीलँग ही दोन नावं तुम्ही ऐकली असतील, ती या जातीतली. मराठी हळद पावडरचं एक पान, कन्नड हळद पावडरचं दुसरं. ही दोन्ही एकाच मालाची आहेत हे कुठेतरी नोंदवावं लागतं. डब्ल्यूपीएमएल त्यासाठी स्वतःचा वेगळा तक्ता ठेवतं. पॉलीलँग वर्डप्रेसची वर्गवारीची जी मूळ सोय आहे तीच वापरून ही जोडणी करतं.

दुसरी जात पानाला हात लावत नाही. मूळ भाषेतलं पान पूर्ण तयार होऊ देते, मग त्याचे वाक्यावाक्याने तुकडे करते, प्रत्येक तुकडा आपल्या कोशात शोधते आणि सापडेल तिथे अनुवाद बसवते. ट्रान्सलेटप्रेस असं काम करतं. वापरायला ही जात फार सोपी, समोर पान बघत अनुवाद करता येतो. पण पान जितकं लांब तितके तुकडे जास्त, आणि लांब पानं मोठ्या साइटवरच असतात.

तिसरी जात काम बाहेर पाठवते. अनुवाद दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, किंवा पान उघडल्यानंतर तुमच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येच शब्द बदलले जातात. तुमचा डेटाबेस हलका राहतो, पण पान आता बाहेरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतं. ब्राउझरमध्ये होणाऱ्या अनुवादात पान आधी मराठीत दिसतं आणि मग डोळ्यांदेखत बदलतं. शिवाय तो अनुवाद गूगलच्या शोधात सहसा येत नाही, त्यामुळे कन्नडमध्ये शोधणारा तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

यातली एक जात चांगली आणि बाकीच्या वाईट असं नाही. दहा-वीस पानांच्या साइटला कुठलीही चालते. फरक पडतो पानं हजारांत गेली की.

चौपट पानं म्हणजे चौपट काम, एवढंच का?

नाही, आणि इथेच खरी गोम आहे.

समजा तुमच्या साइटवर माल, बातम्या, भावांच्या नोंदी, लेख असं सगळं मिळून 8,000 पानं आहेत. प्रत्येक पानाबरोबर बारीकसारीक माहिती असते: किंमत, वजन, फोटो, शिल्लक माल. वर्डप्रेस ती वेगळ्या ओळींमध्ये ठेवतं. पानामागे 25 ओळी धरल्या तर दोन लाख ओळी झाल्या. पहिल्या जातीच्या प्लगिनने चार भाषा केल्या की पानं 32,000 आणि ओळी आठ लाख.

आठ लाख ओळी हा आजच्या डेटाबेसला मोठा आकडा नव्हे. त्रास होतो तो प्रश्न कसा विचारला जातो यामुळे. पूर्वी प्रश्न होता, "ताज्या दहा बातम्या दे." बातम्या तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या असतात, वरच्या दहा उचलल्या की झालं. आता प्रश्न असा: "ज्यांची भाषा कन्नड आहे अशा ताज्या दहा बातम्या दे." भाषा एका तक्त्यात, तारीख दुसऱ्यात. पुष्कळदा डेटाबेस आधी सगळ्या कन्नड बातम्या गोळा करतो, तात्पुरता तक्ता मांडतो, तो तारखेने लावतो आणि मग दहा उचलून बाकीचं फेकून देतो. पुढच्या पाहुण्यासाठी पुन्हा तेच.

ज्यांनी दुकानात वह्या लिहिलेल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. कीर्दीत नोंदी तारखेने असतात. एका माणसाचा हिशोब कीर्दीतून काढायचा म्हणजे सगळी कीर्द चाळायची. म्हणून खतावणी असते, तिथे माणसाचं खातं काढलं की सगळं एका जागी. डेटाबेसमध्ये खतावणीच्या जागी इंडेक्स असतो. पण 'माणूस आणि गाव आणि माल' अशा तिहेरी प्रश्नासाठी वेगळी खतावणी कोणी लिहिलेली नसते, मग दिवाणजी पुन्हा कीर्द चाळायला लागतात. भाषेची अट वाढली की जुन्या इंडेक्सचं असंच होतं. असतो, पण उपयोगी पडत नाही.

दुसरी भानगड त्या बटणाची. बटण दिसतं एवढंसं. पण कन्नडवर बोट ठेवलं तर नेमकं याच मालाच्या कन्नड पानावर जायचं, म्हणून पान तयार होतानाच त्याचे बाकीच्या तीन भाषांतले पत्ते शोधावे लागतात. हीच माहिती पानाच्या डोक्यावर गूगलसाठीही लिहितात, म्हणजे कोणतं पान कोणत्या भाषेतलं हे त्याला कळतं. मेनूत 40 दुवे, यादीत 48 माल, तळाशी आणखी काही. प्रत्येकाचा भाषेप्रमाणे पत्ता हवा. चांगलं प्लगिन हे प्रश्न एकत्र करून विचारतं. पण त्यावर तुम्ही घेतलेली थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, किंवा दुसरं एखादं प्लगिन एकेक माल सुटा विचारत असेल तर ही बचत वाया जाते. समजा 400 क्वेरी वाढल्या आणि प्रत्येकीला 0.002 सेकंद लागला. किरकोळ वाटतं ना? बेरीज 0.8 सेकंद. सर्व्हरकडून उत्तराचा पहिला तुकडा 0.8 सेकंदांच्या आत यावा अशी गूगलची शिफारस आहे. म्हणजे ती सगळी मुदत बटणानेच खाल्ली, पान अजून जुळवायचंच आहे.

भाव बदलला की वाक्य नवं

हा प्रकार मला सगळ्यात जास्त वेळा दिसतो आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा थांबतो.

अनेक प्लगिनांमध्ये एक सोय असते: साइटवर नवं वाक्य दिसलं की ते आपोआप टिपून ठेवायचं, म्हणजे त्याचा अनुवाद करता येईल. ऐकायला उत्तम. आता पावसाळ्यात एखाद्या स्थानिक साइटवर आयर्विन पुलाजवळची पातळी दाखवायची आहे. ओळ अशी: "कृष्णेची पातळी 38 फूट 4 इंच." तासाने तीच ओळ "38 फूट 7 इंच" होते. तुमच्या माझ्या दृष्टीने वाक्य तेच, आकडा बदलला. प्लगिनला मात्र ती दोन वेगवेगळी वाक्यं. दिवसाला 24 वाक्यं, चार महिन्यांच्या पावसाळ्यात 2,880, आणि तीन भाषांत अनुवाद म्हणजे 8,640 नोंदी. एवढ्या नोंदी एका ओळीपायी, आणि त्यातली एकही पुन्हा कधी वापरली जाईल याची खात्री नाही.

भावांचं पान असेल तर विचारूच नका. "आज हळदीचा भाव क्विंटलला अमुक रुपये", "शिल्लक अमुक पोती", "शेवटचा बदल अमुक वाजता". प्रत्येक सौद्याला नवी वाक्यं. त्यात शोधपेटी असते, कोणी काहीही शोधलं की 'यासाठी निकाल' अशी ओळ तयार होते आणि तीही कोशात जाऊन बसते. इंटरनेटवर फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत जाणारे प्रोग्रॅम, शोधपेटीत वाट्टेल ते टाकत असतात, त्यांचा कचरासुद्धा तुमच्या कोशात. कोश फुगतो, आणि पान जुळवताना प्रत्येक वाक्य याच फुगलेल्या कोशात शोधायचं असतं. मशीनचा अनुवाद विकत घेत असाल तर अक्षरांच्या हिशोबाने बिलही येतं. आकडा बदललेल्या त्याच त्या वाक्याचे पैसे तुम्ही रोज भरत असता.

यावरचा उपाय जुनाच आहे, वर्डप्रेसच्या प्रोग्रॅमरांना तो पहिल्या दिवसापासून शिकवतात: वाक्यात आकड्याच्या जागी रिकामी खूण ठेवायची, वाक्याचा अनुवाद एकदाच करायचा आणि आकडा नंतर भरायचा. "कृष्णेची पातळी … फूट … इंच" हे एकच वाक्य झालं, वर्षानुवर्षं पुरतं. साइट बनवणाऱ्याने हे केलेलं नसेल तर निदान भावांची आणि पातळीची चौकट अनुवादातून वगळा. बहुतेक प्लगिनांत तशी सोय असते. आकडा कन्नड माणसालाही वाचता येतो.

"आम्ही कॅशे लावली आहे की!"

लावली असेल, पण ती चालते आहे का?

कॅशेचं काम सोपं आहे: दिवाणजींनी एकदा लिहिलेला कागद खिडकीत लावून ठेवायचा, पुढच्याला तोच दाखवायचा. यासाठी अट एकच, की एका पत्त्यावर एकच पान असावं. काही जण भाषा पत्त्यात न दाखवता ब्राउझरच्या आठवणीत ठेवतात, म्हणजे पत्ता तोच आणि मजकूर माणूस बघून बदलतो. मग एक तर मराठी माणसाला मधूनच कन्नड पान येतं, किंवा घोळ नको म्हणून कोणीतरी कॅशेच बंद करून टाकतं. ती बंद आहे हे नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पाहुणा कुठून आला हे ओळखून त्याला आपोआप भाषेवर ढकलणं, हा आणखी एक लाडका प्रकार. गूगलचा बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो आणि कोणती भाषा हवी हे सांगत नाही. तुम्ही त्याला इंग्रजीत ढकललंत तर तुमची मराठी पानं त्याला दिसायचीच नाहीत. आपोआप ढकलू नका आणि प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या, हे गूगल स्वतःच सांगतं.

आणि सौद्याची वेळ. भाव बदलला की जुनं पान दाखवून चालत नाही, कॅशे पुसावी लागते. कितीतरी साइटींवर एक नोंद बदलली की सगळ्या साइटची, चारही भाषांची कॅशे पुसली जाते. सौदे चालू असताना दर पाच मिनिटांनी भाव भरला जातोय, म्हणजे दर पाच मिनिटांनी खिडकीतले सगळे कागद फाडले जातात. आणि गर्दीही त्याच वेळी. साइट नेमकी तेव्हाच का बसते याचं उत्तर बहुधा इथे सापडतं. पान स्थिर ठेवून फक्त भावाचे आकडे वेगळ्या छोट्या विनंतीने आणले तर पान पुसायची वेळच येत नाही.

कॅशेला न जुमानणारी एक जागा राहतेच: तुमचं स्वतःचं ऑफिस. लॉगिन करून काम करणाऱ्याला सहसा तयार पान मिळत नाही. शिवाय एका मालाची किंमत बदलली की पहिल्या जातीचं प्लगिन ती चारही प्रतींमध्ये जाऊन बदलतं. म्हणून बाहेरच्यांना साइट बरी दिसते आणि ऑफिसातली मुलगी वैतागलेली असते. तिचं म्हणणं मालकाला खोटं वाटतं, कारण मालक मोबाइलवर कॅशेतलं पान बघत असतो.

"मग मोठा सर्व्हर घेतला तर?"

हिशोब करून बघा. सर्व्हर एका वेळी किती पानं जुळवू शकतो याला मर्यादा असते. समजा एका वेळी दहा, म्हणजे दुकानात दहा दिवाणजी. एका पानाला 0.4 सेकंद लागत असतील तर सेकंदाला 25 पानं बाहेर पडतात. प्लगिनमुळे तोच वेळ 2 सेकंद झाला की सेकंदाला पाचच. गर्दीच्या वेळी सेकंदाला 15 लोक येत असतील तर दर सेकंदाला दहा जण मागे साठत जातात, मिनिटभरात सहाशे. त्यातले निम्मे वैतागून पान पुन्हा उघडतात, म्हणजे रांगेत पुन्हा भर.

सर्व्हर दुप्पट केलात, दिवाणजी वीस झाले, सेकंदाला दहा पानं. लोक 15 येताहेत. रांग वाढतेच आहे, फक्त जरा सावकाश. तेच पान 2 सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणलं तर जुन्याच सर्व्हरवर सेकंदाला 20 पानं निघतात. पैसे कुठे घालायचे हे यावरून ठरवा. शिवाय वीस दिवाणजी शेवटी एकाच वहीभोवती जमणार, त्यांना एकमेकांसाठी थांबावं लागणार, ते वेगळंच.

सर्व्हर कधीच वाढवू नये असं म्हणत नाही. अगदी स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर 32,000 पानं टाकली असतील तर तो बदलायलाच हवा. पण ते काम दुसरं, पहिलं नव्हे.

देवनागरी जड असते म्हणून साइट जड होते?

थोडीशी, पण आरोप मोठा आहे तेवढी नाही. संगणकात इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं, कन्नडचं, तेलुगूचं प्रत्येक चिन्ह तीन. 'हळद' नऊ बाइट. पण पाठवताना पान दाबून लहान केलं जातं आणि त्यात हा फरक पुष्कळ कमी होतो. एका फोटोचं वजन तुमच्या सगळ्या मराठी मजकुरापेक्षा जास्त असतं. जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल मोठी होते हे मात्र खरं, त्यामुळे चार भाषांचे चार फॉन्ट प्रत्येक पानावर उतरवू नका, ज्या भाषेचं पान तिचाच द्या.

बटणांवरच्या आणि सूचनांच्या शब्दांचा अनुवाद वर्डप्रेस वेगळ्या फाइलींतून वाचतं, आणि तो वाचायलाही वेळ जायचा. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या 6.5 आवृत्तीत त्या फाइलींचा प्रकार बदलून हे काम हलकं केलं आहे. तुमची साइट अजून त्याआधीच्या आवृत्तीवर असेल तर तेवढा फायदा फुकट मिळण्यासारखा आहे.

दोष नेमका कुठे, हे कसं कळणार?

अंदाजाने नाही. 'क्वेरी मॉनिटर' नावाचं मोफत प्लगिन आहे. ते पानामागे किती क्वेरी झाल्या, त्यातल्या कोणत्या प्लगिनने केल्या आणि कोणतीला किती वेळ लागला हे समोर मांडतं. साइटची एक नक्कल वेगळ्या जागी उतरवून घ्या, होस्टिंगवाले ती सहसा करून देतात. त्याच नक्कलेवर अनुवादाचं प्लगिन चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा तेच पान मोजा. कॅशे दोन्ही वेळा बंद हवी, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. चालू साइटवर हा प्रयोग करू नका, का ते पुढे येईलच.

यात कधीकधी अनुवादाचं प्लगिन निर्दोष सुटतं. किंमत किंवा वजन बघून माल गाळून दाखवणारं एखादं प्लगिन आधीच सावकाश होतं, भाषांमुळे पानं वाढली आणि त्याचा सावकाशपणा उघडा पडला, असंही निघतं. आणि सर्व्हरच्या नोंदी काढल्या तर अर्ध्याहून अधिक पाहुणे माणसं नसून बॉट आहेत, असंही निघू शकतं. चार भाषांमुळे पत्ते चौपट झाले, त्यात गाळणीचे पर्याय मिळवले की पत्त्यांना अंत राहत नाही, आणि बॉट ते सगळे इमानेइतबारे उघडत बसतात. ही पानं कोणी माणूस बघत नाही, त्यामुळे ती कॅशेतही नसतात. गाळणीच्या पत्त्यांवर बॉटना मनाई केली की पुष्कळ साइटींचा श्वास मोकळा होतो.

मग करायचं काय?

पहिलं काम तांत्रिक नाहीच. यादी घेऊन बसा आणि विचारा, यातलं कोणतं पान कोणत्या भाषेत कोण वाचणार? भाषिणीमागचा विचार राज्यघटनेतल्या 22 भाषांचा आहे, म्हणून तुमच्या साइटलाही 22 हव्यात असं नाही. 8,000 पानं गुणिले 22 म्हणजे 1,76,000. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची सूचना कन्नडमध्ये कोणाला हवी आहे? माल, संपर्क, पैसे भरण्याचे नियम, पत्ता, एवढं चार भाषांत नीट करा, माणसाकडून तपासून घ्या. जुन्या बातम्या मराठीतच राहू द्या. असं सुचवलं की मालकांना वाटतं हा कामचुकारपणा करतोय. पण कच्च्या अनुवादाची हजार पानं ठेवण्यापेक्षा तपासलेली शंभर पानं विक्रीला जास्त उपयोगी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर वाक्यं आपोआप टिपायची सोय बंद करा. सगळा अनुवाद लावून झाला की तिची गरज उरत नाही. साठलेली निरुपयोगी वाक्यं काढून टाका. पत्त्यात भाषा आणा आणि पानांची कॅशे खरंच चालते आहे ना ते तपासा. क्वेरींची उत्तरं लक्षात ठेवणारी रेडिससारखी व्यवस्था होस्टिंगवर मिळत असेल तर ती लावा. ऑफिसातली जी मुलगी 'जतन करा' दाबून वाट बघत असते, तिला फरक पडतो तो यानेच, कारण तिच्यापर्यंत पानांची कॅशे पोचत नाही.

साइट खरोखर अवाढव्य असेल, तर वर्डप्रेसमध्येच एका छताखाली प्रत्येक भाषेची वेगळी साइट ठेवता येते. प्रत्येकीचे तक्ते वेगळे, त्यामुळे कन्नड शोधताना मराठीच्या ओळी आड येत नाहीत. सांभाळायला हे जिकिरीचं आहे, माणूस हाताशी हवा.

"एवढी कटकट, त्यापेक्षा प्लगिन काढूनच टाकतो"

काढा, पण बटण दाबण्याआधी काय होईल ते माहीत असू द्या. दुसऱ्या जातीचं प्लगिन बंद केलं तर अनुवाद दिसेनासे होतात, मूळ मराठी साइट जशीच्या तशी उरते आणि कोश डेटाबेसमध्ये पडून राहतो. पहिल्या जातीचं बंद केलं तर उलटं: चारही भाषांच्या प्रती खरीखुरी पानंच असतात, त्यांना वेगळं ठेवणारी भिंत तेवढी जाते. मराठी दुकानात एकच हळद पावडर चार वेळा दिसायला लागते, चार लिप्यांत नाही तरी तीन लिप्यांत. शिल्लक मालाचा मेळ बिघडतो, कारण चार प्रतींचा साठा एक धरणारं आता कोणी नसतं. आणि गूगलमध्ये नोंदलेले कन्नड, हिंदी, इंग्रजी पत्ते चुकीच्या जागी नेऊन सोडतात.

म्हणून आधी पूर्ण बॅकअप. मग नक्कलेवर प्लगिन बंद करून नको असलेल्या भाषांच्या प्रती काढायच्या, जुन्या पत्त्यांवरून मराठी पानांकडे वळवणी लावायची, दोन-चार दिवस ऑर्डरी टाकून बघायच्या, आणि मग ते चालू साइटवर आणायचं. हळदीचा हंगाम उरकल्यावर हे काम काढलंत तर बरं, तेव्हा एखादा दिवस साइट बंद राहिली तरी सौदा अडत नाही.